उकळत्या पाण्यातले शंभर

बाबा, तुमचा तो लांब काचेचा थर्मामीटर आज इतका आठवला की रडू नाही, चीडच आली. पेणहून रोह्याच्या कंपनीत टाकीवर ड्युटीला निघण्याआधी तुम्ही तो रोज आईच्या चहाच्या आधणात बुडवायचात. "कंपनीचं मेलं विष माझ्या भांड्यात नको," म्हणून ती करवादायची; शेवटी तिनेच पोचे आलेलं एक पातेलं त्यासाठी वेगळं काढलं. पारा शंभरावर थांबला की तुम्ही मला हाक मारायचात, "बघ गो, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत हाय ते आधी विचारायचं. मग टाकीचं."

आता मी रोह्यातच दुसऱ्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. टाकीवरचा मीटर वायरवरून तापमानाचा आकडा पाठवतो, माझा प्रोग्राम तो कंट्रोल रूममध्ये दाखवतो. सोमवारी नवा मीटर बसला आणि टाकी पंधरा हजार आठशे बहात्तर अंशांवर गेली. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा एवढा तापत नाही! मीटरवाला म्हणतो वायर बघा, वायरवाला म्हणतो प्रोग्राम बघा, आणि मी तोऱ्यात सांगितलं, प्रोग्राम इतकी वर्षं चालतोय, मीटर बघा. चार दिवस हेच. मग मॅनेजरना सगळ्यात गरीब माणूस सापडला, कंत्राटावरचे ऑपरेटर काका. "यांनीच मीटरच्या सेटिंगला हात लावला." मेमो दिला, शनिवारी गेटपास जमा करायला सांगितलं. "म्याडम, मी त्या डब्याच्या जवळ पन नाय गेलो," काका मला सांगत होते, आणि मी स्क्रीनकडे बघत होते.

तुम्हालाही असाच मेमो आला होता. नव्या पॅनलवरचे आकडे तुमच्या रजिस्टरमधल्या नोंदींशी जुळेनात, म्हणून तुम्हाला टाकीवरून काढून पॅकिंगला बसवलं. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात बसला आहात, आणि मी, कॉम्प्युटर शिकायला लागून जेमतेम वर्ष झालेली, तुम्हाला विचारते, "पण बाबा, मशीन कशाला खोटं बोलेल?" तुम्ही नुसतं त्या पातेल्याकडे बघता. एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं.

आज शुक्रवार. शेवटी डोकं पिकलं तेव्हा फिटरकडून मीटर सोडवला, कॅन्टीनपर्यंत वायर ओढली आणि पाणी उकळायला ठेवलं. "आमच्या भांड्यात नको हां गो बाय!" कॅन्टीनच्या मावशी ओरडल्या. मीटर पाण्यात, स्क्रीनवर पंचवीस हजार सहाशे. बर्फात, शून्य. म्हणजे शंभराच्या बरोबर दोनशे छप्पन्न पट! मीटर प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत पाठवतो: लहान तुकड्यात सुटे, मोठ्यात दोनशे छप्पन्नचे गठ्ठे. जुना मीटर लहान तुकडा आधी पाठवायचा, नवा मोठा आधी पाठवतो, आणि माझा प्रोग्राम काही न विचारता जुन्याच क्रमाने जोडून सुट्या शंभराचे शंभर गठ्ठे करत होता. मीटरच्या पुस्तिकेत तिसऱ्या पानावर हे छापलेलं आहे. मी ती उघडलीच नव्हती. एक ओळ बदलली, मीटर परत टाकीवर चढवला, टाकी बासष्टवर आली.

मॅनेजर आले, आकडा बघून काकांना म्हणाले, "या वेळी सोडतो. परत हात लावू नका." काकांनी मान खाली घालून "व्हय साहेब" म्हटलं. मी म्हणाले, "सर, प्रोग्राममध्ये थोडं अपडेट केलंय." एवढंच. बाहेर पडताना काका मला हात जोडून म्हणाले, "तुमच्यामुळं वाचलो, म्याडम."

तुमच्या वेळीही कुणीतरी असंच थोडंसं बोलून गप्प बसलं असेल. मशीनही खोटं बोलतं हे कळल्यापासून इतकी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत आले. तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र तुम्हाला पोहोचायचं नाही, म्हणून तर ते सरळ लिहून झालं. चूक काकांची नाही, माझी होती, असं मॅनेजरना लिहायचं आहे ते पत्र चार ओळींचंच आहे, आणि ते अजून कोरं आहे.