पाहुण्यांचा गॅस

वारजे, पुणे

ती. आईस, पूर्णिमाचा नमस्कार.

मी बरी आहे. डबा बेचव असतो, पण वेळेवर येतो. फोनवर खोकल्याचं विचारलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय. बाबांकडून वाचून घे, त्यांनाही कळू दे.

आमचं काम तुला माहीत आहे, चुलीचा धूर मोजायचा. भारत, नेपाळ आणि केनिया मिळून करतोय. गेल्या आठवड्यात तिन्हीकडची माणसं पुण्यात जमली. सगळ्यांचे आकडे एकच सांगत होते, स्वयंपाकघरात धूर नाहीच. फोटोंत मात्र भिंती काळ्याकुट्ट. यंत्रं बिघडली असतील म्हणून दिवसभर वाद झाला.

शेवटी नेपाळच्या सबिनाताई म्हणाल्या, "आपण गेलो की बायका गॅस पेटवतात. पाहुणे आलेत ना." केनियाची वांजिरू म्हणाली, तिची आईही गॅस पाहुण्यांसाठीच राखून ठेवते. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं.

आता यंत्र ठेवून निघून यायचं आणि आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही, असं ठरलंय.

बाबांचा गुडघा कसा आहे? म्हैस व्यायली का?

मी दिवाळीला येतेय. दर वेळी मी घरची म्हणून तू चूलच पेटवतेस. या खेपेला मला पाहुणी समज. आणि मी परत निघाले तरी पाहुणी अजून गेलेली नाही, असंच धरून चाल.

तुझी,
पूर्णिमा