दुपारी एकचा फोन

ती. आईस तुझ्या लेकीचा नमस्कार.

इथे सगळं ठीक आहे. खोली हवेशीर आहे, जेवण पोटभर मिळतं. परवा मी एकटीने जोडलेलं पंपाचं पॅनेल पहिल्याच झटक्यात चालू झालं. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

आई, मी तुझ्याशी खोटं बोलले. इथे विजेचं काम शिकायला आलेल्या आम्हा बायकांना शुक्रवारी वेळेच्या नियोजनाचा तास असतो. पहिल्याच तासाला बाईंनी दिवसभराची कामं लिहायला लावली आणि म्हणाल्या, "ज्याच्यावाचून अडत नाही, ते खोडा." मी दुपारी एकचा घरचा फोन खोडला. बाईंनी माझा कागद कौतुकाने सगळ्यांना दाखवला. तेव्हापासून त्या अर्ध्या तासात मी सराव करते, म्हणून तर पॅनेल जमलं. तुला मात्र सांगितलं, कामाच्या जागी फोनला बंदी आहे.

काल एक वाजता तुझा नंबर दिसला आणि राहवलं नाही, मी उचलला. पलीकडे माझी छकुली.

"बघत होते, तू उचलतेस का. विजेचं काम करताना फोन घ्यायचा नाही, आजीने सांगितलंय," असं मलाच दरडावून तिने ठेवून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारपासून एक वाजता मी फोन करीन. बंदी नव्हती, हे तिला तू सांगू नकोस. ते मीच सांगेन. तिने आधी फोन घ्यायला हवा.

तुझी,
शहाणी म्हणवून घेणारी लेक