गरम पाण्याशिवायचा इतिहास

ब्रातिस्लावा, १२ नोव्हेंबर १९७४

प्रिय बाबा,

आईने पाठवलेला खसखशीचा रोल पोचला. माझा खोकला गेला, तिला सांगा, नाहीतर ती आणखी एक लोकरीची बंडी विणायला घेईल.

तुम्ही लिहिलेला गावाचा इतिहास टाइप करून झाला. पण बाबा, तुमच्यापुढे हात टेकले! चांदीच्या खाणीवर चाळीस पानं. त्यातली सहा नुसती कामगारांना उठवायला लाकडी फळीवर ठोके कसे पडायचे त्यावर. आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवर एक ओळसुद्धा नाही? अख्खा देश आपल्या गावात गुडघे शेकायला येतो!

ठाऊक आहे, झरे आटू नयेत म्हणून तुम्ही राबायचात ती खाण बंद केली. त्याला वीस वर्षं झाली. अजून तुम्ही झऱ्यांवरच्या स्नानगृहाला लांबून वळसा घालून जाता. "त्या चोरांचं नाव माझ्या वहीत नको," म्हणे! बरं, नको. पण आई तिथेच तीस वर्षं टॉवेल धुतेय. तिला इतिहासात कुठे बसवू?

गुडघे कसे आहेत? रोज संध्याकाळी आई दुधाच्या किटलीतून गरम पाणी आणते. तुम्ही त्यात पाय सोडून म्हणता, "आपल्या चुलीवरच्या पाण्याची सर कशालाच नाही!" चूल तेव्हा पेटलेलीही नसते, बाबा.

शेवटचं पान कोरं ठेवलंय. आज पाय सोडाल तेव्हा आईला एकदा विचारा, पाणी कुठलं. ती सांगेल ते तिथे लिहा.

चिडलेली, तरी तुमचीच,
ब्लाझेना