चंदनचे बहात्तर मार्क

आई,

चंदनला घेऊन उत्तनला सुभाषमामाकडे जातेय. तू हे वाचताना तो घरात नको होता. कुकर झालाय, आमटी गरम करून घे.

त्याचा दहावीचा फॉर्म आज भरू नकोस, प्लीज. आम्हा दोघांना शाळेतून काढल्यापासून तू घरी शिकवतेस. त्याला लिहायला जमत नाही, म्हणून सराव पेपरला तो सांगेल ते मी लिहायचं, असं आपलं ठरलं होतं. पण तो अडला की पुढचं मी माझ्याच मनाने लिहून टाकायचे. मला पेपर लवकर संपवून माझ्या एन्ट्रन्सचा अभ्यास करायचा असायचा. भूकंपाच्या ज्या उत्तरावर तू लाल पेनाने 'शाब्बास' लिहिलंस, ते सगळं माझं आहे. परीक्षेत अनोळखी लेखनिक असेल. तो चंदन बोलेल तेवढंच लिहील.

मला हवं तेवढं ओरड. त्याला काही बोलू नकोस. मी काय करतेय ते त्याला पहिल्या पेपरपासून माहीत होतं. गेल्या महिन्यात मी तुला सांगायला निघाले, तर त्यानेच अडवलं. म्हणाला, "राहू दे ना ताई. मार्क बघून आई किती दिवसांनी हसली."

क्षितिजा