फांद्या दिसल्या होत्या

७ नोव्हें., गडचांदूर
आज पुन्हा हात उचलला. सिमेंट भरायच्या लाइनीत मागचा ट्रक माझ्यापुढे घुसला. ड्रायव्हरला खाली ओढून कानाखाली दोन काढल्या. तिसरी बसणार तेवढ्यात नामदेवभाऊंनी मागून धरलं. भाऊ आमच्याच शेठचे जुने ड्रायव्हर. राजुऱ्याचे, तीस वर्षं याच रस्त्यांवर. मला कामाला त्यांनीच लावलं.
"अबे फौजी, हे काई बॉर्डर होय का? घुसला त घुसला. मरून राह्यला का तू?"
त्या ड्रायव्हरचा ओठ फाटला होता. भाऊंनीच त्याला पाणी दिलं, माझ्या वतीनं माफी मागितली. मी नाही मागितली. सतरा वर्षं फौजेची गाडी हाकली, लाइन मोडलेली बघवत नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

१२ नोव्हें.
आलापल्लीची फेरी. भाऊ पुढे, मी मागे. कॉन्व्हॉयची सवय, पन्नास मीटरचं अंतर काही सुटत नाही. धाब्यावर भाऊ सगळ्यांना सांगत होते, "हा माह्यामांगं असा येते, जसा माह्या गाडीत जनरल बसला हाये." सगळे हसले. मीही. फौज सोडल्यापासून पहिल्यांदाच असा हसलो असेन.
एक मात्र भाऊंना सांगितलं नाही. आष्टीच्या पुढे जंगल लागलं की अंग ताठतं. माणूस दिसला की आधी त्याच्या हाताकडे नजर जाते, तोंडाकडे मग.

२० नोव्हें.
काल दुपारचं. भाऊ तासभर आधी निघाले होते. लिहूनच टाकतो, नाहीतर उद्या स्वतःशीच वेगळं बोलायला लागेन.
आलापल्लीच्या अलीकडे वळणाआधी रस्त्यावर सागाच्या हिरव्या फांद्या, ओळीनं टाकलेल्या. ट्रकवाल्याचं शेंबडं पोरही सांगेल, फांद्या म्हणजे पुढे गाडी बिघडलीय, हळू या. मलाही माहीत होतं. पण फौजेत आमच्या कॉन्व्हॉयची पहिली गाडी अशाच फांद्यांपाशी थांबली आणि झाडीतून हल्ला झाला. तिघं जळाले. त्यानंतर घोकून घेतलं ते एकच, रस्त्यावर काही दिसलं तर ब्रेक नाही, रेस. पायानं तेच केलं. डोक्याला विचारलंच नाही.
वळलो तर भाऊंची गाडी जॅकवर. भाऊ मागच्या चाकाशी बसलेले. आता ब्रेक मारला, पण भरलेली गाडी, थांबते कुठली. त्यांच्या गाडीला मागून धडकलो. जॅक सटकला. भाऊंचा उजवा पाय गाडीखाली. असा आवाज माणसाच्या तोंडून मी फौजेतही ऐकला नव्हता.
उडी मारली. झाडीतून चार माणसं धावत येत होती. हातात कुऱ्हाडी. सीटमागची टॉमी उपसली, चाकाचे नट खोलायची ती लोखंडी सळई, आणि पहिल्याच्या तोंडावर घातली. जबडा मोडला ते हाताला कळलं. दात डांबरावर पडले. दुसऱ्याच्या खांद्यावर घातली. तिसऱ्यानं मला मागून पाडलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं बरगड्या फोडल्या. तेव्हा भाऊ ओरडले,
"मारू नको बे! ते मले काढाले येऊन राह्यले!"
बांबू तोडत होते बिचारे. मला झाडाला करकचून बांधलं, मग जाड लाकडाची बल्ली तोडून, जॅक पुन्हा बसवून गाडी उचलली. ज्याचा जबडा मोडला त्याचं नाव मंगरू. फांद्या त्यानंच टाकल्या होत्या, भाऊंनी सांगितलं म्हणून. तोंडातून रक्ताची धार, आणि तो बल्लीला खांदा देऊन उभा. मी बांधलेलाच. बघत होतो.
पोलिसांना म्हणालो, गर्दीनं हल्ला केला. त्यांनी तसंच लिहिलं.

२१ नोव्हें.
चंद्रपूरला भाऊंचा पाय मांडीतून कापला. मी धडकेच्या केसमध्ये जामिनावर घरी. बायको सुनंदा बरगड्यांना पट्टी बांधत होती.
"गाडीचं समजलं. त्या मानसाले काऊन मारलं तुमी?"
"हातात कुऱ्हाड होती."
"माह्या बापाच्याई हातात रायते."
पट्टी इतकी आवळली की कळवळलो. तिनं सैल केली नाही.

२२ नोव्हें.
शेठ घरी आले. चहा पिईपर्यंत गोड बोलले. मग, "बयानात सांगा, फांद्या नव्हत्या. मंग चूक नामदेवची, भरपाईचं झंझट नाई. नाईतर तुमचं लायसन गेलं समजा, जेलची हवा वेगळी." भाऊंचं काय, विचारलं. "त्याचा पाय त गेलाच ना आता."
शेठची कॉलर धरायला हवी होती. हा हात नको तिथं बरोबर उठतो.

२४ नोव्हें.
दवाखाना. भाऊंचं तोंड एवढंसं झालंय. चादर उजवीकडे सपाट. तिकडे बघवेना. एकच विचारलं.
"फांद्या दिसल्या का नाई तुले?"
"नाई, भाऊ."
निघून गेलं तोंडातून. भाऊ छताकडे बघत राहिले. "मंग त्या मंगरूनं टाकल्याच नाई. चांगलं सांगतलं होतं त्याले. माहा पाय त्यानं खाल्ला."
त्यांचे दोन्ही मुलगे दाराशी उभे. थोरल्याच्या मुठी वळलेल्या. मला दिसल्या. मी काहीच बोललो नाही. नीच आहे मी.

२७ नोव्हें.
भाऊंची पोरं मोटरसायकलवर मंगरूच्या गावी गेली होती. त्याला अंगणातून ओढलं. जबडा तारेनं बांधलेला, ओरडता तरी आलं असेल का? उजवा हात दगडावर धरून दुसऱ्या दगडानं ठेचला. बायको आडवी आली, तिला लाथा. थोरल्यानं मला फोन करून सांगितलं, "काका, बापाच्या पायाचा बदला घेतला."
मी म्हणालो, "बरं."
बरं! फोन ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटलं. तीनदा. सुनंदा चुलीपाशी होती. उठली नाही.

२९ नोव्हें., पोलीस ठाणे
बयानाला बोलावलंय. आलो तर समोरच्या बाकावर मंगरू आणि त्याची बायको, त्या मारहाणीची तक्रार द्यायला. त्याचा जबडा बांधलेला, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. मला ओळखलं त्यानं. हलला नाही.
जमादारांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "फौजी, साहेब जेवून येईस्तोवर याची तक्रार लिहून द्या. याले बोलताई येत नाई न् लिहिताई. बाईले लिहिता येत नाई."
नाही म्हणता आलं नाही. बाईनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "आधी फांद्याचं लिवा, साहेब. मारल्याचं मंग. यायनं फांद्या टाकल्या होत्या. लोक खोटं म्हणून राह्यले."
लिहिलं. मग त्या पोरांचं, दगडाचं, लाथांचं. सगळं लिहिलं. कागद मंगरूपुढे धरला. तो वाचतो, चांगलं वाचतो. पहिल्याच ओळीवर थांबला.
मी लिहिलं होतं, 'मी वळणाआधी रस्त्यावर सागाच्या हिरव्या फांद्या टाकल्या.'
सागाच्या, हे बाई बोललीच नव्हती. वळणाआधी, हेही नाही.
मंगरूनं 'सागाच्या' या शब्दावर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग त्याच हाताचा अंगठा उमटवून दिला. जमादार कागद आत घेऊन गेले.
बाई म्हणते, चला, एस्टी जाईन. तो मान हलवतो, नाही. समोर बसलाय. मी हे लिहितोय ते बघतोय.
साहेबांची जीप आली. आता माझ्या बयानाची पाळी.