पुढचे गियर मागे बसवल्याबाबत

मी, लीलाधर पुना बोरसे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टर्नर, मूळ गाव पाचोरा तालुक्यातले, हल्ली मुक्काम पिंप्राळा, जळगाव, आज शनिवार दिनांक १५ फेब्रुवारी २०२५ रोजी राहत्या घरी, चहा घेतल्यानंतर आणि कोणी धाकदपटशा केलेला नसताना, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे या मृत्युपत्राने सांगत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

सांगत आहे असे म्हणतो, कारण लिहिते आहे ती माझी पत्नी सौ. मंदाबाई. गेल्या दिवाळीपासून माझा उजवा हात कापतो. तिने एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले असून तिचे अक्षर वाखाणण्यासारखे आहे. आमचे असे ठरले आहे की मी बोलेन ते तिने जसेच्या तसे लिहावे आणि मध्ये बोलू नये. यातली पहिली अट ती पाळेल याची मला खात्री आहे.

कलम १. पिंप्राळ्याचे राहते घर मंदाबाईच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यानंतर मुलगा हितेंद्र आणि मुलगी मयुरी यांचे सारखे. हितेंद्र पुण्याला असतो. दर दिवाळीला घरी आला की तो मागच्या शेडमध्ये जाऊन लेथ हलवला तर तिथे त्याची मोटार बसेल का हे पावलांनी मोजतो. बसते. मीही मोजले आहे. पण त्याच्या आईला त्या शेडमध्ये पापड वाळवायचे असतील तर मोटार रस्त्यावर राहील.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सर्व मंदाबाईचे. यावर मला अधिक बोलायचे नाही, कारण पासबुक तिच्याच कपाटात असते आणि मला किल्ली कधी मिळालेली नाही.

कलम ३. लेथ, त्याची सर्व हत्यारे, व्हर्निअर आणि दात पाडायची कटरे मयुरीला. पाचोऱ्याला तिचे आणि जावयांचे पंप दुरुस्तीचे दुकान आहे, तिथे लेथ रिकामा राहणार नाही. लहानपणी हितेंद्र लेथचा आवाज आला की कान झाकून घ्यायचा आणि मयुरी स्टूल ओढून जवळ यायची. तेव्हा मी स्टूलवर मुलाला बसवायचा प्रयत्न करत राहिलो आणि मुलीला आईला मदत करायला पाठवत राहिलो. ही माझी चूक झाली. हे कलम त्या चुकीची थोडी भरपाई समजावे.

कलम ४. आता गाड्यांविषयी. माझ्याकडे रिमोटवर चालणारे, बॅटरीचे, वीतभर लांबीचे चार ट्रक आहेत. गल्लीत त्यांना खेळणी म्हणतात. पहिला ट्रक मी निवृत्त झालो तेव्हा हितेंद्रनेच आणून दिला, बाबांचा वेळ जाईल म्हणून. पंधरा दिवसांत मेहरूण तलावाकाठच्या दगडांवर त्याच्या गियरचे दात झडले, कारण कंपनीने आत प्लास्टिकचे गियर घातलेले होते. मी ते काढले, लेथवर पितळेचे नवीन पाडले, आणि त्या दिवसापासून माझा वेळ जायला लागला तो आजतागायत जातोच आहे. पुढे रविवारी सकाळी मेहरूणला आमचा सातआठ जणांचा अड्डा जमू लागला. प्लास्टिकच्या जागी पितळ किंवा पोलाद बसवायचे काम सगळे माझ्याकडेच आणत.

जो कोणी या गाड्या घेईल त्याला माझ्या दोन सूचना आहेत. मोटारीचा छोटा गियर आणि त्याला लागणारा मोठा गियर जुळवताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरावी, स्क्रू आवळावा आणि मग पट्टी ओढून काढावी. जेवढी फट राहते तेवढीच हवी. दुसरे म्हणजे सगळे गियर पोलादाचे करू नयेत. एक प्लास्टिकचा राहू द्यावा. गाडी कुठे अडकली की तो आधी तुटतो आणि मोटार वाचते. मी हे शहाणपण गाड्यांमध्ये वापरले, घरात वापरले असते तर बरे झाले असते असे मंदाबाईचे मत आहे, जे तिने न विचारता दिले आणि ठरल्याप्रमाणे लिहूनही घेतले.

यातला हिरवा ट्रक, जो माझा स्वतःचा आणि सर्वांत चांगला आहे, तो माझ्या मृत्यूनंतर धुळ्याला देवपुरात राहणारे माझे साडू श्री. रतिलाल झुलाल भदाणे यांना द्यावा. का ते कलम ६ मध्ये येईल.

कलम ५. शेजारी प्रेमराज नाना यांनी "म्हातारा पोरांच्या गाड्या खेळतो" हे वाक्य दूधवाला, वाणी आणि माझ्या सख्ख्या विहिणीपर्यंत पोहोचवले आहे. त्यांना मी लाल ट्रक देतो. मात्र अट अशी की माझ्या तेराव्याला जेवणाच्या पंगती उठण्याआधी त्यांनी तो सर्वांसमोर आमच्या फाटकापासून चौकापर्यंत स्वतः चालवत न्यावा. मध्ये गटाराची फरशी आहे. तिथे ते अडकतील. कोणी मदत करू नये.

कलम ६. आता जे सांगतो ते आज पाच वर्षे मी कोणालाही सांगितलेले नाही. लिहिणारीलाही नाही.

रतिलाल आणि मी आयटीआयला एका बाकावर होतो, मी टर्नर आणि तो फिटर. माझे लग्नही त्यानेच जमवले, स्वतःच्या मेहुणीशी, म्हणजे त्याच्या पत्नी कोकिळाबाईंच्या धाकट्या बहिणीशी. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर माझे बघून त्यानेही एक ट्रक घेतला आणि जानेवारी २०२० मध्ये त्यात धातूचे गियर बसवायला माझ्याकडे आणून दिला. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याच्या खडकांवर धुळ्याच्या आणि आमच्या मंडळींची चढाची स्पर्धा ठरली होती.

चढावर जाणाऱ्या ट्रकमध्ये पुढच्या एक्सलचे गियर असे पाडतात की पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतात. मग गाडी स्वतःला पुढून ओढून घेते. पुढचे आणि मागचे गियर दिसायला सारखेच, फरक एकदोन दातांचा. म्हणून पुढच्या जोडीवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका देतो. रतिलालच्या गियरवरही दिला होता. पण बसवण्याआधी ते मी वाटीभर थिनरमध्ये धुतले आणि ठिपके निघून गेले. अशा वेळी दात मोजायचे असतात. मी मोजले नाहीत. चाळीस वर्षे लेथवर काढलेल्या माणसाने दात मोजत बसणे मला कमीपणाचे वाटले. शिवाय चष्मा आतल्या खोलीत होता. मी नजरेने ओळखले आणि बसवून टाकले.

लळिंगला रतिलालचा ट्रक पहिल्याच खडकावर मागे उलटला. तीनदा लावला, तीनदा उलटला. त्याच्याच गावची माणसे हसली. त्याने सर्वांसमोर मला विचारले की गियरमध्ये काय केलेस. मी सर्वांसमोर सांगितले की गियर ठीक आहेत, तुझ्या अंगठ्याला अंदाज नाही. तो ट्रक पिशवीत घालून निघून गेला. मी पहिला आलो.

घरी येऊन थिनरची वाटी धुवायला घेतली तेव्हा तळाला लाल साय दिसली. ट्रक मागे का उलटत होता ते मला कळले: पुढचे गियर मी मागे बसवले होते. त्याच संध्याकाळी फोन केला असता तर विषय तिथेच संपला असता. मी म्हटले उद्या करू. मग म्हटले तो करेल. मग कोरोना आला आणि सबबच मिळाली. पुढे लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो की साडूला हार सोसत नाही. हे मी इतक्या वेळा सांगितले की मंदाबाईलाही ते खरे वाटते. दर उन्हाळ्यात दोघी बहिणी आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायच्या, ते बंद झाले. आता ती मंगलकार्यात बहिणीला भेटते, एरवी स्वयंपाकघरातून तिच्याशी फोनवर बोलते आणि माझी चाहूल लागली की फोन ठेवते. हे सर्व एका वाटीभर थिनरपायी आणि माझ्या तोऱ्यापायी झाले. चूक माझी होती. रतिलालचा अंगठा उत्तम आहे. हे त्याला माझ्या मृत्यूनंतर वाचून दाखवावे आणि हिरवा ट्रक

येथे लेखणी खाली ठेवण्यात आली आहे. खालचा मजकूर मी स्वतः लिहितो आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी. मंदाबाई उठून आत गेली आहे. जाताना ती एवढेच म्हणाली, "पाच उन्हाळे मी ताईला सांगितलं की दाजींचं चुकलं." मी थांब म्हटले. ती थांबली नाही. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येतो आहे. या वेळी ती मला ऐकू येईल असे बोलते आहे.

कलम ७. रविवार दिनांक १६ फेब्रुवारी. लेखन पुढे चालू. अक्षर पुन्हा मंदाबाईचे आहे. काल रात्री मला वरण-भात वाढण्यात आला, संभाषण वाढण्यात आले नाही.

आज सकाळच्या एस.टी.ने रतिलाल आणि कोकिळाबाई धुळ्याहून आले. मी मेहरूणला गेलो नव्हतो, ओसरीवर बसलो होतो. रतिलाल बारीक झाला आहे. त्याने चपला काढल्या नाहीत, पाणीही घेतले नाही. मंदाबाईने कालचे कागद त्याच्या हातात दिले, मी नको म्हणत असताना. त्याने उभ्यानेच वाचले. कलम ५ ला तो हसला. कलम ६ संपेपर्यंत मी फाटकाकडे बघत होतो.

वाचून झाल्यावर तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "त्याच दिन खोलीसन दात मोजात मी. पाच वरीस व्हयनात, तू कव्हय सांगस तेनी वाट देखी राह्यनू."

म्हणजे त्याने त्याच दिवशी ट्रक उघडून दात मोजले होते, आणि मी कधी सांगतो याची तो पाच वर्षे वाट बघत होता. मग गियर सरळ का केले नाहीस असे मी विचारले. त्याने पिशवीतून ट्रक काढून माझ्या मांडीवर ठेवला. एक्सलचे स्क्रू एकदा उघडून पुन्हा लावलेले होते, आत गियर मात्र मी बसवले होते तसेच. तो म्हणाला की मी फिटर आहे, मला दहा मिनिटांचे काम होते. पण ज्याने उलटे बसवले त्यानेच सरळ करायचे. आणि हिरव्या ट्रकविषयी म्हणाला, "मरी गयावर देशी व्हय? तवलगून मी कोणाकडे देखू?" मी मरेपर्यंत त्याने कोणाकडे बघायचे, असा त्याचा प्रश्न होता.

मला रडू आले. कायदेशीर कागदात हे घालावे की नाही असे मी लिहिणारीला विचारले. ती म्हणाली, घाला. मी रतिलालला म्हटले की माझे चुकले, त्या दिवशी चुकले त्यापेक्षा नंतर रोज चुकले. हे वाक्य मी पाच वर्षे तयार ठेवले होते असे नाही, तेव्हाच सुचले.

मग आम्ही शेडमध्ये बसलो. स्क्रू तांदळाच्या कणीएवढे आणि माझा हात हा असा. दोन स्क्रू पडले, ते कोकिळाबाईंनी झाडूने शोधून काढले. शेवटी रतिलालने एक्सल धरला, मी दात मोजले, चष्मा लावून, मोठ्याने, दोनदा, आणि स्क्रू मंदाबाईने आवळले. तिचा हात अजिबात हलला नाही. पंधरा वर्षे ती या गाड्यांना नावे ठेवते आहे. दुपारी चौघेही रिक्षाने मेहरूणला गेलो. रतिलालचा ट्रक मोठा खडक एका दमात चढला. माझा हिरवा मागे राहिला, कारण माझा अंगठाही आता कापतो.

कलम ८. मयुरीच्या ओळखीच्या वकिलांनी फोनवर सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. रतिलालला साक्षीदारच व्हायचे आहे. सबब हिरव्या ट्रकबाबतचा कलम ४ चा शेवटचा भाग रद्द समजावा. तो ट्रक मी आज दुपारी मेहरूणला, हयात असताना, त्याच्या हातात दिला आहे. उरलेले दोन ट्रक मंदाबाईचे. स्क्रूड्रायव्हरही तिचाच. कलम ५ मध्ये कोणताही बदल नाही.

कलम ६ आता गुप्त राहिलेले नाही. तरीही ते खोडू नये असे रतिलालचे म्हणणे पडले. त्याची एक झेरॉक्स त्याने धुळ्याच्या मंडळींना दाखवण्यासाठी मागितली आहे. मी दोन देतो.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, आणि त्यावर मी खालील दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे. सही वेडीवाकडी आली तरी ती माझीच आहे.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

(सही) लीलाधर पुना बोरसे

लिहिणार: (सही) सौ. मंदाबाई लीलाधर बोरसे. जसे सांगितले तसे लिहिले. येत्या चैत्रात बिबडे आमच्याच गच्चीवर घालायचे ठरले आहे, तेही येथे नोंदवते.

साक्षीदार १: (सही) डॉ. दिपमाला महाजन, पिंप्राळा. मृत्युपत्र करणाऱ्यांना मी आजच तपासले आहे. हाताचा कंप सोडता प्रकृती चांगली आहे. त्यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) रतिलाल झुलाल भदाणे, देवपूर, धुळे. माझ्यासमोर सही केली. सही करताना लीलाधर पूर्ण शुद्धीवर होता. गियर बसवताना होता की नाही, याबद्दल मी साक्ष देत नाही.