विझवणाऱ्या भाल्याची निरवानिरव

ज्याच्या कृपेने वाणीला अर्थ लाभतो आणि अर्थाला मर्यादा, त्या परमेश्वराला वंदन करून मी, व्याकरणाची निवृत्त अध्यापिका, जिला विद्यार्थी पूर्वी पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही 'विसर्गबाई' म्हणतात, हे लिहून ठेवते की माझे शरीर थकले आहे, बुद्धी थकलेली नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करीत आहे. माझ्यावर दबाव कोणाचाही नाही. वैताग मात्र पुष्कळांचा आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. वरची खोली वगळून हे घर आणि बँकेतील ठेवी माझ्या लेकीला मिळाव्यात. मृत्युपत्रात जादूची शस्त्रे लिहिणारी आई जगात आपल्यालाच लाभावी, असे ती म्हणते. तिने खालची कलमे न हसता वाचावीत, एवढीच अट.

२. माझे ग्रंथ शाळेच्या वाचनालयाला द्यावेत. मुख्याध्यापकांनी ते काचेच्या कपाटात कोंडून वर माझ्या नावाची पाटी लावू नये. ग्रंथ हाताळून फाटावा, वाळवी लागून नव्हे. हे त्यांना तोंडी सांगून पाहिले. त्यांनी मान डोलावली. त्यांची मान कशालाही डोलते.

३. आता मुख्य विषय. वकिलांच्या कारकुनाने "या शस्त्रांचा परवाना आहे का?" असे विचारल्यामुळे खुलासा करते. आम्ही चौघे, म्हणजे मी, माझा पुतण्या, माझी जुनी विद्यार्थिनी असलेली दंतवैद्य आणि कोपऱ्यावरचे घड्याळजी, दर रविवारी दुपारी वरच्या खोलीत बसून मिळून एक कथा रचतो. प्रत्येकाचे एक पात्र असते. ते काय बोलते, काय करते, हे ज्याचे त्याने सांगायचे. त्यातून काय घडते, हे फासे आणि नियम ठरवतात. नियम मी केले. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत.

त्यांतला मुख्य नियम जादू विझवणाऱ्या शस्त्रांचा आहे. असे शस्त्र आपला-परका ओळखत नाही. ज्याने ते आणले त्याचीच जादू आधी विझते. हा नियम मी हवेतून काढलेला नाही. जुन्या ग्रंथांत अस्त्र सोडणाऱ्याला ते आवरण्याची विद्या यावी लागते. जो सोडतो पण आवरत नाही, त्याची अपकीर्ती युगानुयुगे फिरते. फुकटचे शस्त्र कथेत आले की कथा संपते आणि नुसती हाणामारी उरते. हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की घड्याळजी माझ्याबरोबर ओठ हलवतात.

४. तरीही माझ्या पुतण्याने विझवणारा भाला रचला. त्याचे पात्र म्हणजे एक वृद्ध राजा. हा राजा लढाईत केव्हाच पडलेला. छातीत बसवलेल्या जादूच्या दिव्यामुळे तेवढा चालतो-बोलतो. तेव्हा भाला आणताच राजा जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळावे. पुतण्याने काय केले? नगराच्या वेशीवर भाला जमिनीत रोवला आणि वर मलाच ऐकवले, की रोवलेला भाला हातात नसतो, म्हणून राजाला नियम लागू नाही.

त्या वेशीबाहेर दंतवैद्यबाईंचे पात्र, एक नदीवाली, आपल्या जादूने पूर अडवून उभे होते. तिची जादू विझली. आम्ही चौघांनी वर्षानुवर्षे गल्लीगल्लीने उभे केलेले नगर बुडाले. तिने फासे पिशवीत भरले, चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि ती गेली. त्यानंतर ती खेळायला आलेली नाही.

मी तेथल्या तेथे निकाल दिला: भाला आणला त्याच क्षणी राजा गेला. पुतण्याला तो मान्य नाही. तो म्हणाला, "आत्या, हा खेळ आहे, कायदा नाही." मी म्हटले, "कायद्यात पळवाट असते रे. ती नसते म्हणून तर माणूस खेळायला बसतो." तेव्हापासून रविवारी घड्याळजी आणि मी, दोघेच समोरासमोर बसतो. त्यांचे पात्र नावाडी आहे आणि नदीचे काय झाले हे सांगणारे कोणी नाही. ते दर खेपेस "मी वल्हे धरून थांबतो," म्हणतात आणि बिस्किटे संपवतात.

५. कपाट, नियम आणि पुढे नियम करण्याचा संपूर्ण अधिकार दंतवैद्यबाईंना द्यावा. हे विचारण्यासाठी मी तिला बोलावून घेतले. तिने आधी माझी कवळी नीट बसवली, मग ऐकले. मला वाटले होते, अधिकार हाती येताच ती राजाला पहिल्या दिवशी निकालात काढील. ती म्हणाली, "बाई, मी त्याला मारणार नाही. भाला त्याने स्वतः उचलावा. मी समोर बसेन." शिकवलेले वाया गेले नाही, असे वाटण्याचे प्रसंग अध्यापिकेच्या आयुष्यात थोडे.

६. पितळी फासे घड्याळजींना द्यायचे होते. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणतात. हे कळताच घड्याळजी "मग सही दुसऱ्या कोणाची घ्या ना," असे म्हणाले. इतक्या वर्षांच्या स्नेहाची किंमत कळली. फासे त्यांनाच द्यावेत. साक्ष खालच्या भाडेकरूची घेतली आहे.

७. वरची खोली माझ्या पुतण्याला द्यावी. अट एकच. माझ्या पश्चात पहिल्या बैठकीला चौथ्या, म्हणजे माझ्या, खुर्चीवर लेकीने बसावे आणि त्या बैठकीत पुतण्याने राजाच्या हाती भाला देऊन, आमच्या रिवाजाप्रमाणे, आपल्या पात्राचे अखेरचे बोलणे सर्वांसमक्ष बोलावे.

ही अट मी कठोरपणाने घातलेली नाही. राजा माझ्या धाकट्या भावासारखा बोलतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. भाऊ गेला त्याच वर्षी पुतण्याने तो रचला. तेच खाकरणे, तेच "बरं, पुढे?" गेल्या आठवड्यात मी निकालाचा विषय पुन्हा काढला तेव्हा पुतण्या खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आत्या, राजा गेला तर बाबांचा आवाज कोण काढणार?" त्याचे उत्तर पुतण्यालाच उद्देशून येथे लिहिते.

परवा जिन्यात नळ दुरुस्त करणारा आला होता. तो कारणे सांगत होता आणि दाराआड कोणीतरी खाकरून "बरं, पुढे?" म्हणाले. मी अंथरुणातून हाक मारली, "भाऊ, आलास का?" आत आला तो तू. तुझ्या हातात पाना होता. तेथे राजा नव्हता, दिवा नव्हता, कोणाची जादू नव्हती. तेव्हा भाला उचल. त्याने जे विझेल ते तुझे नव्हतेच.

स्थळ : वरची खोली. रविवार, सात ऑगस्ट.

सही : विसर्गबाई

साक्षीदार : १. डॉक्टर, ज्यांनी माझी बुद्धी तपासली. २. खालचा भाडेकरू, ज्याने सर्व ऐकून "खेळात अजून एखादी जागा आहे का?" असे विचारले.

हे वाचणाऱ्या सर्वांना ईश्वर आरोग्य देवो, समोर बसणारी माणसे देवो आणि हातचे वेळेवर खाली ठेवण्याचे बळ देवो. शुभं भवतु.